साडेनव्व्याण्णवचा ताप आणि १३२ प्रवासी: इबोला काळातील एका विमानप्रवासाचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतील एका परिचारिकेने क्लीव्हलँड ते डॅलस असा देशांतर्गत विमानप्रवास केला आणि दोन दिवसांनी तिला इबोलाची लागण झाल्याचे निश्चित झाले. त्या विमानातून एकाही प्रवाशाला संसर्ग झाला नाही. तरीही या एका प्रवासामुळे शाळा बंद झाल्या, विमान सेवेतून काढावे लागले आणि देशाच्या आरोग्य यंत्रणेला आपली नियमावली बदलावी लागली. संसर्ग झाला नसताना एवढे का घडले आणि कोणत्या निर्णयापाशी ते टाळता आले असते, हे या टिपणात पाहिले आहे. रुग्णांची आणि रुग्णालयाची नावे दिलेली नाहीत; तारखा, आकडे आणि यंत्रणांचे निर्णय सार्वजनिक नोंदींतील आहेत.

पार्श्वभूमी

गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतील तीन देशांत पसरलेल्या इबोलाच्या साथीला जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑगस्ट २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी ठरवले. साथ ओसरेपर्यंत सुमारे २८,६०० जणांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक माणसे दगावली. हा विषाणू रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब, घाम यांसारख्या शरीरद्रवांच्या थेट संपर्कातून पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळ २ ते २१ दिवसांचा असतो. लक्षणे सुरू होण्यापूर्वी रुग्णापासून इतरांना संसर्ग होत नाही आणि आजार बळावत जातो तसे शरीरातील विषाणूंचे प्रमाण झपाट्याने वाढते. गोवर किंवा क्षयरोग यांच्याप्रमाणे तो हवेतून पसरत नाही.

ही माहिती त्या काळी उपलब्ध होती आणि वारंवार सांगितलीही जात होती. लोकांची भीती मात्र निराधार कल्पनेतून आलेली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात सार्स या श्वसनरोगाचा एक रुग्ण होता आणि विमानातील १२० जणांपैकी २२ जण पुढे आजारी पडले. विमानाच्या बंद केबिनमध्ये रोग पसरू शकतो हे जगाने तेव्हा पाहिले होते. रोगारोगांत फरक असतो हे तज्ज्ञाला ठाऊक असते. सामान्य प्रवाशाच्या मनात ‘विमान’ आणि ‘विषाणू’ एवढेच उरते.

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथून लोमेमार्गे नायजेरियातील लागोसला पोहोचलेला एक आजारी प्रवासी तेथील विमानतळावर कोसळला आणि २५ जुलैला मरण पावला. त्याच्यापासून सुरू झालेल्या साखळीत नायजेरियात एकूण २० रुग्ण आणि ८ मृत्यू झाले. बाधित झाले ते त्याला विमानतळावर घ्यायला आलेले, त्याच्यावर उपचार करणारे आणि त्यांच्या निकटचे लोक. त्याचे सहप्रवासी नव्हेत. नायजेरियाने शेकडो संपर्कितांच्या घरी जाऊन पाठपुरावा केला आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. जगभरच्या बातम्यांतून मात्र ‘इबोला विमानाने आला’ एवढेच वाक्य लोकांपर्यंत पोहोचले.

डॅलसची कहाणी २० सप्टेंबरला सुरू होते. लायबेरियाहून ब्रसेल्स आणि वॉशिंग्टनमार्गे तेथे आलेल्या एका गृहस्थाचे तापमान मन्रोव्हिया विमानतळावर ९७.३ अंश फॅरनहाइट, म्हणजे अगदी सामान्य, भरले होते. लक्षणे सुरू झाली ती चार दिवसांनी. पहिल्यांदा रुग्णालयात गेल्यावर त्यांना प्रतिजैविके देऊन घरी पाठवण्यात आले. २८ सप्टेंबरला रुग्णवाहिकेतून पुन्हा आणल्यावर ते दाखल झाले, ३० तारखेला निदान निश्चित झाले आणि ८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांत उलट्या आणि जुलाब प्रचंड होते. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना पुरेसे प्रशिक्षण मिळाले नव्हते आणि सुरुवातीच्या संरक्षक पोशाखात मानेचा भाग उघडा राहत होता, अशी तक्रार परिचारिकांच्या संघटनेने नंतर केली.

समस्या

शुश्रूषा करणाऱ्यांपैकी एक परिचारिका १० ऑक्टोबरला, शुक्रवारी, फ्रंटिअर एअरलाइन्सच्या विमानाने क्लीव्हलँडला गेली. तिचे लग्न ठरले होते आणि त्याच्या तयारीसाठी ती घरच्या माणसांकडे चालली होती. पीपीई किट घालून काम केलेल्या कर्मचाऱ्यांना त्या वेळच्या समजुतीनुसार प्रवासबंदी नव्हती. स्वतःचे तापमान मोजत राहणे एवढीच अपेक्षा होती. त्या दिवशी तिने कोणताही नियम मोडलेला नव्हता.

मात्र त्याच रात्री तिच्या एका सहकारी परिचारिकेला बारीक ताप आला. ११ तारखेला टेक्सासच्या प्रयोगशाळेत तिचा नमुना इबोलासाठी सकारात्मक आला आणि १२ तारखेला, रविवारी, अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, त्यावर शिक्कामोर्तब केले. अमेरिकेच्या भूमीवर लागण होण्याची ही पहिलीच घटना होती. संसर्ग नेमका कोणत्या क्षणी आणि कोणत्या चुकीमुळे झाला हे कोणालाच सांगता येत नव्हते. ‘किट घातले होते, म्हणजे धोका नाही’ हे ज्या गृहीतकावर प्रवासाचा नियम उभा होता, ते गृहीतक रविवारी कोसळले होते.

सोमवारी, १३ ऑक्टोबरला, क्लीव्हलँडमध्ये असलेल्या परिचारिकेचे तापमान ९९.५ अंश होते. तिने परतीचे विमान पकडण्यापूर्वी सीडीसीला दूरध्वनी करून आपले काम, आपले तापमान आणि प्रवासाचा बेत कळवला. तापाची ठरलेली मर्यादा १००.४ अंश होती. तिचे तापमान या मर्यादेखाली होते. जाऊ नका असे तिला कोणी सांगितले नाही. ती विमान क्रमांक ११४३ ने डॅलसला परतली. १४ तारखेला ताप वाढल्यावर ती रुग्णालयात दाखल झाली आणि १५ तारखेला निदान निश्चित झाले. दरम्यान त्याच विमानाने नेहमीची सफाई करून दुसऱ्या दिवशी आणखी काही उड्डाणे केली होती.

निर्णयाचा पहिला क्षण: दूरध्वनीवरील उत्तर

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा परिचारिकेने प्रवास करायला हवा होता की नको, या प्रश्नाभोवती फिरली. सीडीसीचे तत्कालीन संचालक टॉम फ्रीडन यांनी १५ तारखेच्या पत्रकार परिषदेत तिने व्यावसायिक विमानाने जायला नको होते, असे सांगितले. तिने आधी विचारले होते आणि तिला अडवले गेले नव्हते, हे त्यानंतर पुढे आले. त्या दोन बातम्यांमधल्या अवधीत तिच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का बसला. तो पुसणे सोपे नव्हते. फ्रीडन यांनी रविवारीही ‘नियमपालनात त्रुटी’ झाल्याचे म्हटले होते, आणि आपल्यावरच दोष ढकलला जात आहे अशी परिचारिकांची भावना झाल्याने दुसऱ्या दिवशी त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. तीच चूक आठवड्यात दुसऱ्यांदा झाली.

दूरध्वनी घेणाऱ्या व्यक्तीपुढे प्रत्यक्षात तीन पर्याय होते. पहिला, मर्यादेचा आकडा पाहून हरकत न घेणे. दुसरा, रविवारी घडलेल्या घटनेमुळे या परिचारिकेची जोखीम बदलली आहे हे लक्षात घेऊन प्रवास थांबवणे. तिसरा, उत्तर राखून ठेवून वरिष्ठांना विचारणे आणि तोवर तिला विमानतळावर जाऊ नका असे सांगणे. पहिला पर्याय निवडला गेला आणि तो अज्ञानातून नव्हे, तर लेखी नियमाशी प्रामाणिक राहून निवडला गेला, असे मला वाटते. १००.४ हा आकडा ताप ओळखण्यासाठी ठरवलेला होता; विमानात बसण्याची परवानगी ठरवण्यासाठी नव्हे. ज्या व्यक्तीने काही दिवसांपूर्वी मरणासन्न रुग्णाची सेवा केली आहे आणि जिच्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला लागण झाली आहे, तिच्याबाबत ९९.५ हा आकडा ‘ताप नाही’ असे सांगत नाही. तो ‘कदाचित सुरुवात’ असे सांगतो.

निर्णयाचा दुसरा क्षण: कोणाला कळवायचे

निदान निश्चित झाल्यावर प्रश्न उभा राहिला तो परतीच्या विमानातील १३२ प्रवाशांचा. प्रवासात परिचारिकेला उलटी किंवा रक्तस्राव झालेला नव्हता. रोगाच्या स्वभावाप्रमाणे पाहिले तर तिच्या अगदी जवळ बसलेल्यांचीच चौकशी पुरेशी ठरली असती. क्षयरोगासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगातही लांबच्या प्रवासात पुढच्या-मागच्या दोन-दोन रांगा तपासण्याचा संकेत आहे. सीडीसीने त्याऐवजी सर्व १३२ जणांना जाहीर आवाहन करून एका दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधण्यास सांगितले.

येथे यंत्रणेची खरी कोंडी होती. सर्वांना कळवले नसते आणि एखादा प्रवासी योगायोगाने साध्या तापाने जरी आजारी पडला असता, तरी लपवाछपवीचा आरोप झाला असता. सर्वांना कळवले, तर ‘धोका अत्यल्प आहे’ हे वाक्य आणि ‘तुम्ही सर्वांनी फोन करा’ हे वाक्य एकाच वेळी लोकांच्या कानावर पडणार होते. लोक शब्दांपेक्षा कृतीवरून अंदाज बांधतात. सर्वांशी संपर्क साधण्याचा निर्णय मला योग्य वाटतो; परंतु तो का घेतला हे त्याच वेळी सांगितले गेले नाही. आम्हाला संसर्गाची अपेक्षा नाही, २१ दिवस आम्ही तुमच्या संपर्कात राहणार आहोत आणि त्यातून आमच्या समजुतीची खातरजमाही होणार आहे, असे सरळ शब्दांत सांगणे शक्य होते.

त्यानंतर गोंधळ आणखी वाढला. परिचारिकेला बरे वाटत नसल्याची सुरुवात आधी समजली होती त्यापेक्षा लवकर झाली असावी, ही शक्यता नाकारता येईना, तेव्हा १६ तारखेला १० ऑक्टोबरच्या जातानाच्या विमानातील प्रवाशांनाही शोधण्याचे ठरले. नव्या माहितीनुसार कक्षा वाढवणे शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘काल हे म्हणत होते, आज ते म्हणतात’ असेच दिसले. पहिल्याच दिवशी ‘चौकशी सुरू आहे, कक्षा वाढू शकते’ एवढे एक वाक्य जोडले असते, तर दुसऱ्या दिवशीचा बदल माघारीसारखा भासला नसता.

इतरांनी केलेली कृती

विमान कंपनीने विमान सेवेतून काढले, पुन्हा पुन्हा साफ केले आणि परिचारिकेच्या आसनाजवळची आसन आवरणे व गालिचा काढून टाकला. दोन वैमानिक आणि चार केबिन कर्मचारी अशा सहा जणांना तिने २१ दिवसांची पगारी रजा दिली. हे सरकारी सल्ल्याच्या पलीकडचे होते. कर्मचाऱ्यांचा पगार न कापता त्यांना घरी बसवणे हा या प्रकरणातील एक समंजस निर्णय होता, असे मी म्हणेन, कारण त्याच आठवड्याच्या आगेमागे कष्टकऱ्यांची भीती उघड झाली होती: ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुमारे २०० केबिन सफाई कामगारांनी काम थांबवले होते. विमानातील उलटी पुसणाऱ्या माणसाने हातमोजे आणि प्रशिक्षण मागावे, याला घबराट म्हणता येणार नाही. शरीरद्रवांतून पसरणाऱ्या रोगात त्याचा धोका खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशापेक्षा अधिक खरा असतो.

शाळांचे तसे नव्हते. ओहायोतील सोलन येथे एक कर्मचारी दुसऱ्या उड्डाणाने, पण कदाचित त्याच विमानातून आल्याच्या कारणावरून शाळेच्या इमारती बंद झाल्या. टेक्सासमधील बेल्टन येथे दोन विद्यार्थी त्या उड्डाणात होते म्हणून शाळा बंद ठेवल्या गेल्या. परिचारिका लग्नाच्या पोशाखांच्या ज्या दुकानात गेली होती ते अक्रन शहरातील दुकान बंद करून निर्जंतुक करण्यात आले. ग्राहक परतलेच नाहीत आणि काही महिन्यांत ते कायमचे बंद पडले. मेन राज्यातील एका शिक्षिकेला तर केवळ डॅलसमध्ये परिषदेला गेली म्हणून रजेवर पाठवले. त्या दुकानदाराचे नुकसान भरून देण्याची तरतूद कोणत्याही आराखड्यात नव्हती.

प्रवासबंदीचा पर्याय

राजकीय पातळीवर सर्वांत जोरात मांडला गेलेला पर्याय होता तो पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशांवर सरसकट बंदीचा. १६ ऑक्टोबरला अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत त्यावर खडाजंगी झाली. बंदीच्या बाजूचा युक्तिवाद सोपा होता: रुग्ण आलाच नाही तर रोग येणार नाही. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, लोक आडमार्गाने येतील, मग त्यांचा माग काढता येणार नाही. आणि मदतीला जाणाऱ्या डॉक्टरांचा व सामग्रीचा रस्ताच बंद झाला तर साथ मुळाशी आटोक्यात येणार नाही. अनेक विमान कंपन्यांनी त्या देशांतील सेवा आधीच थांबवल्या होत्या. ब्रसेल्स एअरलाइन्स आणि रॉयल एअर मारोक यांनी चालू ठेवल्या, म्हणून मदतकार्य चालू राहू शकले.

दुसरा पर्याय तपासणीचा. तीन देशांच्या विमानतळांवर निघताना तापमान तपासले जात होते. दोन महिन्यांत सुमारे ३६,००० प्रवाशांपैकी ७७ जणांना विमानात चढू दिले गेले नाही. त्यांपैकी एकालाही इबोला असल्याचे आढळले नाही, अनेकांना मलेरिया होता. उलट डॅलसला आलेले गृहस्थ याच तपासणीतून व्यवस्थित पार झाले होते. तापमापक अधिशयन काळ पाहू शकत नाही, हे यातून दिसते. अखेर मधला मार्ग निवडला गेला: त्या देशांतून येणाऱ्या सर्वांना पाच ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश आणि २७ ऑक्टोबरपासून आरोग्य खात्याकडून २१ दिवस रोजची विचारपूस.

सरसकट बंदीची दुसरी बाजू आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाल्याचे जाहीर होताच अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा थांबवली होती, आणि सुरतशी ज्यांचा दुरूनही संबंध नव्हता असे लोकही त्यात अडकले होते.

परिणाम

परिचारिकेला १५ ऑक्टोबरला खास विमानाने अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात हलवले गेले आणि २८ ऑक्टोबरला ती बरी होऊन बाहेर पडली. तिची सहकारीही बरी झाली. दोन्ही उड्डाणांतील एकाही प्रवाशाला किंवा कर्मचाऱ्याला लागण झाली नाही. ओहायोतील संपर्कितांवर नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लक्ष ठेवले गेले, आणि ७ नोव्हेंबरला डॅलसमधील शेवटच्या संपर्किताचा कालावधी संपला.

टेक्सासने १६ ऑक्टोबरलाच उपचारात सहभागी असलेल्या कर्मचाऱ्यांकडून सार्वजनिक वाहनाने प्रवास न करण्याची लेखी हमी घेतली. सीडीसीच्या २७ ऑक्टोबरच्या सुधारित मार्गदर्शनात जोखमीच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. त्यातील एक कलम या प्रकरणाचेच अपत्य आहे: ज्या रुग्णालयात संसर्गनियंत्रणातील चूक न सापडता एखाद्या आरोग्यसेवकाला लागण झाली असेल, तेथे रुग्णाची सेवा करणारे इतर आरोग्यसेवक पूर्ण किट घालूनही उच्च जोखमीचे मानावेत. रविवार ते सोमवार या चोवीस तासांत जी गोष्ट कोणीतरी ओळखायला हवी होती, ती दोन आठवड्यांनी कागदावर आली.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट रविवारचीच. सहकारी परिचारिकेचा अहवाल आल्याबरोबर त्या रुग्णाची सेवा केलेल्या प्रत्येकाला फोन करून ‘तुम्ही आत्ता कुठे आहात’ हे विचारायला हवे होते. तसे झाले असते तर परिचारिकेने सीडीसीला फोन करण्याची वेळच आली नसती. सीडीसीनेच तिला क्लीव्हलँडमध्ये गाठले असते. शंका विचारण्याचा भार ज्या यंत्रणेने लागण झाल्याची शक्यता असलेल्या व्यक्तीवरच सोडला, ती यंत्रणा नशिबावर चालली होती.

दुसरे, दूरध्वनीवर बसणाऱ्यांच्या हाती तापमानाच्या एका आकड्याऐवजी प्रश्नांचा क्रम असावा, आणि त्यातील पहिला प्रश्न संपर्काचा असावा. भारतात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घडलेले उदाहरण येथे उपयोगी आहे. लायबेरियात इबोलातून बरा होऊन, तसे प्रमाणपत्र घेऊन एक २६ वर्षांचा भारतीय तरुण १० नोव्हेंबरला दिल्लीला उतरला. त्याला ताप नव्हता, लक्षणे नव्हती, रक्ताच्या चाचण्याही नकारात्मक आल्या. केवळ त्याचा पूर्वेतिहास पाहून त्याला विमानतळावरील आरोग्य केंद्रात थांबवले गेले आणि पुढे वीर्याच्या नमुन्यात विषाणूचे अंश सापडले. बरे झालेल्या पुरुषाच्या वीर्यात विषाणू काही काळ टिकतो, हे तेव्हा माहीत होते. तापमापकावर विसंबले असते तर तो घरी गेला असता.

तिसरी अडचण अधिक व्यवहाराची आहे आणि तिची चर्चा फारच कमी झाली. समजा, सोमवारी तिला ‘विमानात बसू नका’ असे सांगितले असते, तर ती परत कशी आली असती? डॅलस तेथून सुमारे दीड हजार किलोमीटरहून दूर आहे. नकार देणाऱ्या माणसाच्या हाती पर्याय नसेल, तर तो नकार देण्यास कचरतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून उतरलेल्यांच्या डाव्या हातावर गृह विलगीकरणाचा शिक्का मारला जात होता. तसा शिक्का असलेले चार प्रवासी मुंबईहून सुरतकडे रेल्वेने निघाले आणि सहप्रवाशांच्या तक्रारीवरून त्यांना पालघरला उतरवण्यात आले. ‘घरीच राहा’ असे सांगितलेल्या माणसाचे घर दुसऱ्या राज्यात असेल, तर त्याने तेथवर कसे जावे, याचे उत्तर शिक्क्यात नव्हते. क्लीव्हलँडच्या परिचारिकेबाबत दोन उपाय हाताशी होते: ओहायोच्या आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली तेथेच थांबणे, किंवा सरकारने ठरवलेल्या विमानाने तिला नेणे. दुसरा उपाय दोन दिवसांनी, ती आजारी पडल्यावर, अटलांटाला नेण्यासाठी योजला गेलाच.